सूर्यभान सुताराची जाड चाकं

घोडेगावच्या बाजाराला पायी जाऊन दुपारपर्यंत माघारी येता येईल, एवढ्या अंतरावर सूर्यभान सुताराचं गाव. गाव लहान, पण बैलगाड्या भारी. आणि त्या गाड्यांची चाकं सूर्यभानच्या हातची. मधे बाभळीचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, वरून लोखंडी धाव. त्याचं चाक रस्त्यानं निघालं की डोळे मिटून बसलेला म्हातारासुद्धा सांगायचा, हे सूर्यभानचं. बाकीची चाकं कुरकुरायची, त्याचं बोलायचं.

पण त्र्याहत्तर साल उजाडलं ते कोरडंच. चारा संपला तसे बैल घोडेगावच्या बाजाराला गेले. बैल गेल्यावर गाड्या जू टेकून उन्हात पडल्या, आणि पडल्या गाडीला चाक कोण घेतं? लाकूड तासायचा सूर्यभानचा वाकस भिंतीला टांगला तो टांगलाच. त्याच साली गोजरबाई, त्याची बायको, तापानं गेली. चांगली हिंडती-फिरती बाई, आठवड्यात आटोपलं.

सूर्यभान रडला नाही. लोकांना वाटलं, गडी घट्ट आहे. घट्ट कसला! लाकूड आतून वाळलं की त्याला ठोकलं तरी आवाज निराळा येतो, तसं त्याचं झालं होतं. भाकरी पुढं आली की खायचा, नाही आली की नाही. कोणी ऊठ म्हटलं की उठायचा. दाढी कोणी कर म्हटलं नाही, म्हणून वाढली.

दहाव्याला आलेली त्याची थोरली बहीण कडूबाई मग परत गेलीच नाही. तिचं घर देवळाली प्रवऱ्याला, नाती बाळंतपणाला आलेल्या, तिकडून निरोपावर निरोप. पण ही म्हणायची, हा रस्त्याला लागलेला बघितल्याबिगर मी उंबरा ओलांडायची नाही. पाच मैलांवर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. माणसं शेकड्यांनी, आणि टिकावा-फावड्यांचे दांडे रोज मोडत होते. तिथल्या मुकादमानं सांगून पाठवलं होतं की दांडे बसवायला सुतार पाहिजे, सोमवारी सकाळी हजेरीला या, नाहीतर दुसरा बघतो. सूर्यभाननं निरोप ऐकला. हो नाही, ना नाही. त्याचा एक गुडघा अधू, घोडेगाव कसंबसं व्हायचं, पण रोज पाच मैल जाणं-येणं चालत होणार नव्हतं. आणि चालणं झालं असतं तरी तो गेला असता असं नाही.

घरात सायकल मात्र होती. नगरच्या कॅम्पातल्या एका गोऱ्या साहेबाची, साहेब आपल्या मुलखाला निघाला तेव्हा सूर्यभानच्या बापानं त्याच्या सामानाच्या पेट्या ठोकून दिल्या, त्या बदल्यात मिळालेली. बारीक चाकांची, हलकी, हरणासारखी. गोजरबाईच्या दुखण्यापासून ती गोठ्यात उभी होती. उन्हानं टायरं तडकून त्यांच्या खपल्या पडत होत्या.

कडूबाईनं बाजाराच्या दिवशी त्याला घराबाहेर लोटलं.

"जा, टायरं घिऊन ये. मी काय जलमभर तुझ्या चुलीम्होरं बसू व्हय?"

आता गंमत बघा. सूर्यभान सायकलवर बसणारा माणूस, पण तिचं टायर त्यानं कधी घेतलेलं नव्हतं, बाप होता तोवर तोच कॅम्पातून आणायचा. चाकं मात्र जन्मभर केलेली. त्यानं रिमच्या खाचेत, टायर बसतं तिथून, सुतळी फिरवली, गाठ मारली, आणि गाठीच्या अलीकडं दोन बोटं सोडून दुसरी गाठ मारली. गाडीच्या चाकाची धाव नेहमी दोन बोटं कमीच करतात. मग ती गोवऱ्यांच्या आगटीत लाल करायची, तापली की लोखंड फुगतं, चिमट्यानं उचलून चाकावर बसवायची आणि वरून पाणी. आकसली की अशी आवळते की पिढी गेली तरी सुटत नाही. धाव चढवायची म्हणजे गावात सणच. पोरं, म्हातारे, सगळे रिंगण करून उभे. एकदा तर नवरदेवाची वरात थांबली होती धाव बघायला, आणि नवरीकडचे मारुतीच्या देवळात वाट बघत बसले होते! असो. सांगायचं ते हे, की दोन बोटं कमी हे सूर्यभानच्या हाताला शिकवावं लागत नव्हतं. डोकं सुन्न होतं, हातानं आपलं काम केलं.

घोडेगावात आसारामचं सायकलचं दुकान, म्हणजे लिंबाखाली एक पत्रा आणि एक पाण्याची परात. आसारामनं नंबर विचारला. सूर्यभाननं सुतळी पुढं केली. बाजाराची गर्दी, आसारामला मान वर करायला फुरसत नव्हती. त्यानं सूर्यभाननं दाखवलेल्या आतल्या गाठीपर्यंतची सुतळी टायरांच्या आतून लावून बघितली, एक जोडी बरोबर बसली, दिली. वर सव्वीस लिहिलेलं. जुन्या टायरावरही सव्वीसच होतं. कोणाला शंका यावी?

घरी आल्यावर टायर काही रिमवर चढेना. एका अंगानं बसवलं की दुसऱ्या अंगानं उडायचं. सूर्यभाननं टायरची कड चाचपली, आत तार लागली. तार म्हणजे लोखंड. त्यानं परसात गोवऱ्या रचल्या.

कडूबाई रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या पिठाची भाकरी थापत होती. धूर बघून तिला वाटलं, भाऊ पाणी तापवतोय, आंघोळ करणार, चला, देव पावला. मग वास आला. बाहेर येऊन बघते तर टायर ठिबकतंय, आणि हा चिमटा धरून वाट बघतोय तार लाल व्हायची. तिनं पाण्याची कळशी आगटीवर ओतली, दुष्काळातलं पाणी, आणि मग कपाळाला हात लावून खाली बसली.

"आरं, रबराला धाव समजलास का रं?"

शेजारच्या दोघी भिंतीवरून बघत होत्या, त्या पदर तोंडाला लावून हसल्या. गावभर झालं. एरवी सूर्यभान लाजेनं आठ दिवस बाहेर पडला नसता, नाहीतर स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसला असता. आता यातलं काहीच झालं नाही. त्यानं उरलेलं टायर घेतलं आणि पहार घालून ते जबरदस्तीनं चढवायला गेला. टायर चढलं नाही, गंजकी रिम मात्र वाकली, वाळल्या पापडासारखी.

दुसऱ्या दिवशी कडूबाईनं त्याला पुन्हा लोटलं. या खेपेला सायकलच बरोबर दिली. पुढचं चाक वाकडं, म्हणून तो पुढून उचलून ढकलत घोडेगावला गेला. आज बाजार नव्हता. लिंबाखाली आसाराम एकटाच.

आसारामनं सगळी हकिगत ऐकली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग समोरचा हसत नाही हे बघून त्यानं सायकल उलटी केली आणि कामाचं बोलायला लागला. त्यानं सांगितलं, सव्वीस आकडा सारखा असला तरी साहेबाच्या सायकलचं टायर निराळं आणि आपल्याकडचं निराळं. एकावर दुसरं बसत नाही, दोन बोटं काढा नाहीतर चार काढा. आता दोन वाटा. एक, नगरच्या कॅम्पात जुना माल विकणारे आहेत, तिथून तशीच बारीक रिम आणि तशीच टायरं आणवायची. मिळतील तेव्हा मिळतील, पण सायकल होती तशी होईल. दुसरी, जुना तुंबा ठेवायचा, नवी रिम, नव्या तारा आणि आपली नेहमीची जाड टायरं. त्यानं सायकलच्या चिमट्यात, चाक आणि दांडी यांच्या फटीत, अंगठा घालून बघितला, अंगठा आरपार गेला. म्हणजे जाड टायर घासणार नाही. ते आजच होईल. सायकल जड चालेल एवढंच.

"कोनतं बसवू, मिस्तरी?"

सूर्यभान म्हणाला, कोणतंही.

"कोनतंबी कसं? तुमचं चाक हाय." आसारामनं हात पुसले. "बरं, मागं बसनारं कोन हाय का? डबलशीट असंल तर बारकं घिऊ नका. बसनाऱ्याची कंबर मोडती."

बारीक चाकांवरून घोडेगावच्या बाजाराला येताना गोजरबाई मागं बसायची आणि रस्ताभर बोलायची. रस्त्यातला दगड न् दगड मला वळखू यायला लागलाय म्हणायची. सूर्यभान मुद्दाम खडी बघून सायकल घालायचा.

"न्हाई," सूर्यभान म्हणाला. "हुती. मेली."

हा शब्द त्यानं अजून तोंडातून काढला नव्हता. लोक म्हणत होते, तो ऐकत होता. आसारामनं वाकडं चाक मांडीवर घेतलं आणि जुन्या तारा एक एक करून सोडवायला लागला. रिम मोकळी झाल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, मग एकट्या माणसाला बारकंही चालेल, कॅम्पात निरोप धाडू का.

सूर्यभान वाकलेल्या रिमकडं बघत होता.

"नगं. जाडच बशीव," तो म्हणाला. "तळ्याचा रस्ता खडीचा हाय. सोमवारी हजेरीला जायाचं."

कडूबाई इतके दिवस जे वदवून घ्यायला बघत होती, ते असं लिंबाखाली, परक्या माणसापाशी निघालं. त्याला वाटलं काय? काही नाही. आसारामनं दोन्ही चाकं नव्यानं विणली, फिरवून बघितली, तारा आवळून त्यांतला डुगडुगा काढला आणि हवा भरली. साहेबाचं हरीण म्हशीच्या खुरांवर उभं राहिलं.

सोमवारी सूर्यभान वाकस आणि किकरं पिशवीत घालून निघाला. कडूबाई दारात उभी होती. सायकल वळणाआड गेल्यावर तिनं आपलं गाठोडं बांधलं, भाकरी झाकून ठेवली आणि किल्ली शेजारी देऊन एसटीच्या थांब्यावर जाऊन बसली.

तळ्यावर मोडक्या टिकावांचा ढीग पडला होता. सूर्यभान बाभळीच्या सावलीत बसला आणि त्यानं वाकस चालवायला घेतला. दुपारी मजुरांना सरकारी सुकडी वाटली, ती खाल्ली. गोड होती की नाही, त्याला सांगता आलं नसतं. दिवस कलताना घाम आणि माती एक झालेली एक बाई मोडलेलं फावडं घेऊन आली. आज होत नसेल तर ठेवून जाते, म्हणाली. पण आपली वस्तू अशी टाकून जायची तर माणूस खात्रीचा पाहिजे, म्हणून तिनं विचारलं,

"उद्या असाल न्हवं, बाबा?"

सूर्यभाननं फावडं हातात घेतलं, मोडका दांडा ओढून काढला आणि बाजूला ठेवला.

"असंन," तो म्हणाला.