दत्तोबांचा नापास नमुना

दत्तोबा सोनटक्के दापोडीच्या आमच्या क्लासमध्ये आले, तेव्हा मला वाटलं मुलाच्या प्रवेशाची चौकशी करायला आले असतील. पण त्यांना स्वतःलाच पायथन, म्हणजे संगणकाला सूचना द्यायची भाषा, शिकायची होती. मूळचे उदगीरकडचे, वय चोपन्न, चाकणच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं क्वालिटीत. पत्र्याचा तुकडा पास की नापास, हे ठरवण्यात जन्म गेलेला. आता ते काम कंपनीत संगणक करू लागला होता, आणि त्या संगणकाला कितपत कळतं हे दत्तोबांना तपासायचं होतं.

आमचा कामगारांचा वर्ग गुरुवारी, कारण कारखान्यांची सुट्टी गुरुवारची. त्यासाठी मी मराठीत बारा धड्यांची पुस्तिका लिहिली होती. खोटं कशाला बोलू, मला तिचा गर्व होता. पण आधीच्या दोन्ही तुकड्या तिसऱ्या धड्याला गळाल्या. क्लासच्या मालक साधना मॅडमनी बजावलं की ही तिसरी तुकडी टिकली नाही, तर मराठी वर्ग बंद. मी तिसरा धडा तीनदा सोपा केला होता. चित्रं घातली. एक विनोदही घातला. लोक विनोद वाचून गेले.

दत्तोबांनी पहिल्याच दिवशी पुस्तिका उलटीपालटी केली आणि रिव्हिजन नंबर कुठाय, मंजुरीची सही कुणाची, असं विचारलं. मी हसलो. पुढच्या गुरुवारी ते शिक्का घेऊन आले. कपाटातल्या जुन्या आवृत्तीच्या प्रती गोळा करून त्यांनी एकेकीवर 'रद्द' उमटवलं. त्यात माझी, मी जपून ठेवलेली पहिली प्रतही गेली.

मग तिसरा धडा आला. त्यात मी लिहिलं होतं: 'आता मुद्दाम चूक करा. दहाला शून्यानं भागा आणि काय होतं ते पाहा.' अकरा माणसं मांडीवर हात ठेवून बसली. मी समजावलं, चुचकारलं, शेवटी आवाज चढवला. तेव्हा कोपऱ्यातल्या खंडू वेल्डरनं कसंबसं बटण दाबलं. पडद्यावर चूक दाखवणारी लाल अक्षरं आली. पाणी पिऊन येतो म्हणून खंडू उठला, आणि जाताना पिशवीही उचलली.

दत्तोबांनी त्याला जिन्यातून परत आणलं. मग माझ्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "सर, लाल दिसलं की कंपनीत सुपरवायझर येतो, नाव लिहून घेतो. म्हनून मानूस सटकतो. तुमचा धडा अवघड न्हाई. तुमी चूक करा म्हनता, पर त्याच्याखाली सही कुनाचीच न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन तुकड्या गेल्या, आणि का गेलात असं मी एकालाही विचारलं नव्हतं.

दत्तोबांच्या कारखान्यात एक काचेचं कपाट आहे. त्यात वाकलेले, चिरलेले तुकडे मुद्दाम ठेवलेले असतात, प्रत्येकाला लाल चिठ्ठी आणि तिच्यावर मॅनेजरची सही. नव्या माणसानं खराब माल ओळखायला शिकावं म्हणून. त्या तुकड्यांसाठी कुणाचं नाव लिहीत नाहीत. तसाच धडा आम्ही दोघांनी बसून नव्यानं केला. मथळा 'नापास नमुने'. पाच चुका, आणि प्रत्येकीखाली माझी सही, तारखेसकट. विनोद त्यांनी काढायला लावला, कारण त्याचा उपयोग मला सांगता आला नाही.

पुढच्या गुरुवारी अकराच्या अकरा आले. मीही जरा धास्तावलो होतो. पण जो तो आधी माझी सही नीट बघायचा आणि मग बिनधास्त चूक करायचा. खंडूनं तर पाचही केल्या. एकटे दत्तोबा तसेच बसून होते. अठ्ठावीस वर्षांत हातून एक खराब तुकडा सुटला नव्हता, आता आपल्या हातानं कसा करायचा?

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांनी चष्मा पुसला, सही दोनदा वाचली, आणि एका बोटानं दहा भागिले शून्य टाइप केलं. लाल अक्षरं आली. ती त्यांनी पाहिलीच नाहीत. ते दाराकडे बघत होते, बराच वेळ.

"कुनी येत न्हाई ना, सर?"

"नाही."

"मग आनखी एक करतो."