‘गावात’ म्हणजे कुठं?

झाशीला, आमच्या नगऱ्यातल्या रेल्वे क्वार्टरात जगाचे दोनच भाग होते. जिथं गाडी थांबते ते, आणि जे मुळात नाहीच ते. वडील वर्कशॉपात होते. त्यामुळे मुंबई आम्हाला जवळ आणि टहरौली लांब, कारण मुंबईपर्यंत पास चालायचा आणि टहरौलीला स्टेशनच नव्हतं. एरचला निदान नावापुरतं ‘एरच रोड’ होतं. स्टेशनच्या नावात ‘रोड’ दिसलं की ओळखावं, गाव तिथं नाही.

आणि मिजास तरी केवढी! खेड्यातली माणसं मीठ-काडेपेटी आपल्याच गल्लीत घ्यायची, कापड आणि बैल टहरौलीच्या आठवडी बाजारात, आणि कोर्टासाठी, ऑपरेशनसाठी झाशी गाठायची. आम्ही झाशीकर त्यांना हसायचो. आम्हाला ग्वाल्हेरवाले हसायचे. पुण्याची आत्या तर आम्हा सगळ्यांना एकाच पोस्टकार्डात हसायची. “तुमच्याकडे तुरीची डाळ मिळते का गं?” असं दर वेळी विचारायची. आईही काही कमी नव्हती. “टहरौली म्हणजे जंगल,” ती म्हणायची. “तिथली माणसं आजारी पडली की इथंच येतात.”

मग आईचाच उजवा डोळा दुखायला लागला. डोकं ठणकायचं आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची. पहिले चार दिवस तिनं ती कडी कौतुकानं पाहिली. पाचव्या दिवशी त्याच डोळ्यानं तिला दाराची कडी दिसेना. रेल्वे हॉस्पिटलातले डोळ्यांचे डॉक्टर नेमके रजेवर. एका दवाखान्यात ग्वाल्हेरहून मोठे डॉक्टर पंधरा दिवसांतून एकदा यायचे, तिथं मी गेले. कंपाउंडर भला माणूस होता. म्हणाला, “बहनजी, अबकी बेर डॉक्टर साब गाँव में बैठहैं. बुधवार को, बजार के दिना. अम्मा को लेके आ जाओ, नंबर हम लगा देंगे.”

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. काय शिकवत होते? हिंदी. हसा, पोटभर हसा.

आमच्या कॉलनीतल्या मराठी घरांत ‘गावात’ म्हणजे झाशी शहरात. माणिक चौकात भाजी आणायला निघालं तरी “गावात जाऊन येते”. तेव्हा डॉक्टर गावात बसणार म्हणजे शहरात बसणार, यात विचारायचं काय? मी मान डोलावून आले. घरी म्हटलंसुद्धा, “बरं झालं, लांब जायला नको.”

बुधवारी सकाळी रिक्षा केली. माणिक चौकापासून सैंयर दरवाज्यापर्यंत जिथं जिथं दवाखान्याची पाटी दिसली तिथं तिथं आईला उतरवलं. कुणी दात काढणारा, कुणी हाडं बसवणारा. एक तर जनावरांचा निघाला. आईनं ओला पदर डोळ्यावर धरलेला, आणि मला धीर देत होती, “शोध गं, असेल इथंच कुठंतरी, एवढं मोठं गाव आहे.” दिवस मावळला तशा परतलो. त्या रात्री तिला तीनदा उलटी झाली.

गुरुवारी मी भांडायलाच गेले. कंपाउंडर म्हणाला, “अरे बहनजी, गाँव... हमाओ गाँव. टहरौली!” त्याच्या घरचं गाव एकच, त्याला नाव कशाला सांगायचं? मोठे डॉक्टर महिन्यातून एकदा बाजाराच्या दिवशी मुद्दाम तिथं जात, कारण पंचवीस-तीस खेड्यांची माणसं त्या दिवशी आपसूक जमत. ‘बजार के दिना’ एवढं तो बोलला होता. झाशीत कसला आलाय बाजाराचा दिवस, इथं रोजच बाजार! एवढं तरी डोक्यात शिरायला हवं होतं. “अम्मा झाँसी से आतीं,” तो हळूच म्हणाला, “सो हमने पहला नंबर रखा था.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग ग्वाल्हेर. तिकीट काढून सकाळच्या गाडीनं जाता आलं असतं. पण रेल्वेचा माणूस तिकीट काढणार? अब्रूचा प्रश्न! वडिलांनी पासाचा अर्ज टाकला. पास आठव्या दिवशी आला, शिक्क्यासकट अगदी व्यवस्थित. त्याच मोठ्या डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “त्या बुधवारी टहरौलीला का नाही आणलंत?” काचबिंदू होता. उजवा डोळा गेला. डावा औषधावर टिकेल, पण महिन्याच्या महिन्याला दाखवायला हवा.

परतीच्या गाडीत वडील खिडकीबाहेर बघत होते. मी रडत होते.  झाशी आल्यावर आई एवढंच म्हणाली, “दर महिन्याला टहरौलीलाच जायचं. त्या भल्या माणसानं माझा नंबर राखला होता.”

आणि आम्ही जायला लागलो. भरलेल्या बसेस झाशीकडे येत आणि आम्ही दोघी शहरातल्या शहाण्या उलट्या दिशेनं अडीच-तीन तास धक्के खात. बाजारात आईला आता बांगडीवाली ओळखायची, गूळवाला हाक मारायचा. पहिला नंबर तिचाच असायचा. डावा डोळा शेवटपर्यंत टिकला.

एका बुधवारी निघताना शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, “सकाळी सकाळी कुठं निघालात?”

“गावात,” आई म्हणाली. मग चांगला डोळा माझ्याकडे वळवून म्हणाली, “कुठल्या, ते मात्र हिला विचारू नका.”