ओल्या विभूतीची तीन बोटं

शिवानंद मूळचा मैंदर्गीचा. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलांच्या कारखान्यांच्या मधोमध, त्याचं पत्र्याचं वर्कशॉप. आणि धंदा काय, तर समुद्रातल्या बोटींचे बीकन तपासायचा! आहे की नाही गंमत? लोक विचारायचेच, “का रं, उजनीत जहाज सोडतोस व्हय?” तो नुसता हसायचा. काही वर्षं कोकणात हेच काम केलं, वडील गेले, आई एकटी पडली म्हणून परत आला. ओळखीचे बोटवाले बीकन पार्सलनं पाठवायचे.

बीकन म्हणजे एक नारिंगी डबा. बोट बुडाली की पाणी लागून तो आपोआप चालू होतो, उपग्रहाला हाक देतो, आणि बचाव केंद्र बोटवाल्याच्या घरी फोन लावतं. शिवानंद बॅटरी बदलायचा, सील बघायचा, चाचणीचं बटण दाबायचा. खरी हाक मात्र चुकूनही जाता कामा नये, यात तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

त्या खंडेनवमीला सगळे माग बंद, जिकडंतिकडं पूजा. आई नीलम्मा सकाळीच आली. शिवानंद फुलं आणायला गेला आणि म्हातारीनं आपलं काम सुरू केलं. हत्यारं पुसली, पाणी शिंपडलं. मग नवऱ्याच्या मागावर दरसाल ओढायची तशी, टेबलावरच्या बीकनवर ओल्या विभूतीची तीन बोटं ओढली. नेमकी पाणी ओळखणाऱ्या दोन खिळ्यांवरून. दिवा लुकलुकायला लागला. नीलम्मानं हात जोडले. तिला वाटलं, देव पावला.

शिवानंदनं दारातूनच ते बघितलं आणि हातातली फुलं तिथंच टाकली. बीकन पुसून बंद केला, केंद्राला फोन लावून चूक सांगितली. पण उशीर झाला होता. पत्र्याखालून जागा नीट कळली नव्हती, म्हणून केंद्रानं नोंदीतल्या नंबरावर आधीच फोन केला होता. हर्णैला, ती बोट हाकणाऱ्या तांडेलाच्या बायकोला.

“एनातप्पा? काय झालं रं?” आईनं विचारलं. त्यानं सांगितलं, तशी तिनं विभूतीचा हात पदराला पुसला.

शिवानंदनं त्या बाईला फोन लावून पूजेत काय झालं ते सांगितलं. बोटीचा बीकन सोलापुरात तपासायला आहे आणि नवरा बदली बीकन घेऊन समुद्रात गेलाय, हे तिला ठाऊकच नव्हतं. “मला धीर द्यायला खोटं सांगताय,” एवढंच ती म्हणत राहिली. केंद्रानं वायरलेसवरून बोटीशी बोलून ती सुखरूप असल्याचं तिला कळवलं, तरी ती बंदरावरून हलेना. इकडं नीलम्माही जेवेना.

“अव्वा, बोटीला काय बी झालेलं न्हाय,” शिवानंद म्हणाला.

“बोटीला न्हाय रं. तिला झालंय की.”

संध्याकाळी बाईचाच फोन आला. आवाज पार थकलेला.

“दादा, माणूस घरी आला. पण सांगून ठेवते, परत कधी तसा फोन आला तर मी उठणार नाही. म्हणेन, सोलापुरात पूजा असेल.”

त्या एका फोनसाठीच तर शिवानंद इतकी वर्षं बॅटऱ्या बदलत आला होता, आणि आता त्यावरचा तिचा विश्वासच उडाला होता. फोनवरचा आवाज आईलाही ऐकू येत होता. नीलम्मानं त्याच्या हातातनं फोन घेतला.

“तसं म्हणू नगंस, लेकी. फोन आला की उठायचं. माझ्यासारख्या म्हातारीनं खोटा वाजवला असला तर मला शिव्या घाल, शाप दे. पर उठायचं.”

पलीकडून रडण्याचा आवाज आला. तो थांबेपर्यंत नीलम्मा फोन कानाला धरून बसली.