फुकटचे डायमंड

दिघीच्या जेट्टीवर मोबाइलची काच बदलून देणारी एक बाई बसते. काचेखालचे बुडबुडे अंगठ्याने कडेला सारत ती प्रत्येकाला तेच विचारते, "गेममधले डायमंड फुकट देतो म्हणणाऱ्या लिंकवर पासवर्ड न्हाय ना टाकलात?" विचारून विचारून तिच्या आवाजात जोर उरलेला नाही.

मीही म्हणालो, "छे हो ताई!"

"सगळे असंच सांगतात. ज्याला द्यायचंय, त्याला तुमचा पासवर्ड कशाला हवा?" फोन माझ्या हातात ठेवून ती पुढच्या गिऱ्हाइकाला तेच विचारू लागली.

फेरीबोटीत बसताच मी गेम उघडायला गेलो. काल त्या लिंकवर टाकलेला माझा पासवर्ड आज मलाच चालेना. नव्या काचेखाली मात्र एकही बुडबुडा नव्हता.