मायच्या गाण्यांचं पुस्तक

माझी माय जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात निंदायला आणि कापूस वेचायला गेली. निंदताना प्रत्येक बाईच्या वाट्याला पिकाची एक ओळ येते, तिला आमच्या राळेगावकडे पात म्हणतात. पात धरली की माय गाणं धरायची. ती स्वतःच रचायची आणि रचलेलं कधी विसरायची नाही. लिहितावाचता येत नव्हतं म्हणून विसरत नसावी. मी पडलो जिल्हा परिषदेचा मास्तर. दोन-तीन उन्हाळ्यांच्या सुट्ट्यांत तिच्यासमोर बसून मी ती गाणी वहीत उतरवून घेतली आणि मोठाच तीर मारल्यासारखा गावभर सांगत फिरलो.

मग मायच्या किडन्या कामातून गेल्या. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिससाठी एसटीनं यवतमाळला न्यावं लागे. परतताना ती खिडकीला डोकं टेकून बसायची. अशीच एकदा बसलेली असताना म्हणाली, "माहे गाणे एकदा विहारात वाचले पाह्यजे. मंग मले काही नाही पाह्यजे."

आमच्या गावच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. आश्विन पौर्णिमेला समापन होतं. बाया पांढऱ्या साड्या नेसून येतात, सगळं गाव जेवतं. माय कित्येक वर्षं पहिल्या रांगेत बसून दुसऱ्यांनी लिहिलेलं ऐकत आली होती. मी म्हटलं, "तूच म्हणून दाखव ना समापनाले. पुस्तक कायले पाह्यजे?"

"म्हणत तं जनमभर राह्यली," ती म्हणाली. "आता कोणी वाचून राह्यलं, अन् मी आयकून राह्यली, असं पाह्यजे."

वहीची झेरॉक्स मी आधीच पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवली होती. बरेच महिने काही कळलं नाही. जूनमध्ये शाळा उघडताना एक जाडजूड पाकीट आलं. वर पत्र होतं: पुस्तक आम्ही करू, काही शंका आहेत त्यांची उत्तरं पाठवा, वर्षभर तरी लागेल. खाली मी पाठवलेली झेरॉक्स. पहिल्याच पानावर पेन्सिलीनं गोल केले होते. 'मले'भोवती गोल, 'काहून'भोवती गोल, 'गेलती'भोवती गोल.

माझं डोकं फिरलं. आम्हा वऱ्हाडी माणसांची ही जुनी ठुसठुस आहे. डी.एड.ला असताना माझ्या 'मले'वर अख्खा वर्ग हसला होता, ते मी अजून विसरलेलो नाही. आता माझ्या मायला हे लोक 'मला' म्हणायला लावणार! दुसरं पान मी उलटलंच नाही. पाकीट आलमारीवर फेकलं आणि दोन ओळींचं उत्तर पाठवलं की आमचं पुस्तक आम्हीच काढू, तसदीबद्दल क्षमस्व. ते टपालात टाकून आलो तेव्हा छाती फुगली होती, हे कबूल करतो.

आणि आता अडतंय कुठे? शाळेतल्या एका तरुण शिक्षकानं मोबाइलवर एक संकेतस्थळ दाखवलं. फाइल चढवा, मुखपृष्ठ निवडा, पुस्तक छापून घरपोच. ना कुणाची मिनतवारी, ना वर्षभराची वाट. तालुक्याला लग्नपत्रिका टाइप करणारा एक डीटीपीवाला होता, त्याच्याकडून गाणी टाइप करून घेतली. त्याच्या पडद्यावर मी अक्षर न् अक्षर तपासलं. एक काना इकडचा तिकडे नव्हता. मुखपृष्ठावर कापसाचं बोंड आणि मायचं नाव.

संकेतस्थळानं विचारलं, आधी एक नमुना प्रत मागवायची का? त्यात पंधरा दिवस गेले असते आणि पौर्णिमा हुकली असती. पानं बघा, असंही त्यानं सुचवलं. मी बघायला गेलो तर मुखपृष्ठ तेवढं उघडलं, पुढे नुसतं चक्र फिरत राहिलं. आमच्याकडे रेंज अशीच. मी 'मान्य' दाबलं.

खोकं समापनाच्या आदल्या दिवशी आलं. मी कात्री घेतली तर मायनं हात धरला. "घरी नको खोलू. वंदना झाल्यावर तिथंच खोलू. ग्रंथ काय कोणी घरी चाखून पाह्यते?" आमच्यात प्रकाशन असंच होतं, बांधलेलं पुस्तक सगळ्यांसमोर सोडायचं. मलाही ते पटलं. खरं म्हणजे मलाही थाटच हवा होता.

दुसऱ्या दिवशी त्रिशरण-पंचशील झालं. मायला खुर्ची दिली होती, पण ती सतरंजीवरच बसली, पहिल्या रांगेत, नेहमीच्या जागी. खोकं फोडलं. मुखपृष्ठ सुरेख आलं होतं. बायांनी टाळ्या वाजवल्या. वर्षावासभर वाचन करणारी अंगणवाडीची बाई उठली, तिनं मेजावर पुस्तक ठेवलं आणि उघडलं.

ती वाचेना. पान उलटलं. पुन्हा उलटलं. मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "सर, हे काय हाय?"

आत मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टोप्या, मध्येच डॉलरची खूण, मध्येच कंस. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तेच. डीटीपीवाल्याचा जुना फाँट त्याच्या कॉम्प्युटरवर होता म्हणून तिथं मराठी दिसलं. छापणाऱ्याकडे तो नव्हता, आणि मधे बघणारा कुणी माणूसच नव्हता. मुखपृष्ठ चित्र म्हणून चढवलं होतं, तेवढं नीट आलं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मी नुसता एकेक प्रत उघडत होतो, जणू एखादी तरी बरी निघेल.

"काहून थांबली वं बाई?" मायनं विचारलं.

बाईनं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. शेवटी मीच म्हणालो, "माय, छपाई चुकली. अक्षरं उमटले नाही."

मायनं पुस्तक हातात घेतलं, पानांवरून बोट फिरवलं. पानं काळी भरलेली तिला दिसत होती. "उमटले तं हाय," ती म्हणाली. थोडा वेळ पाहत राहिली, मग पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. "माहे गाणे वाचाजोगे नसतीन, बापू. निंदणाचे गाणे ते. कायले वाचंन कोणी!"

मी फाँट समजावला, कॉम्प्युटर समजावला, घरी जाऊन पुन्हा समजावला. ती "बरं" म्हणायची. बाया म्हणाल्या, मग म्हणून तरी दाखव, तर तिनं नाही म्हणून मान हलवली. त्यानंतर तिनं गाणं म्हटलं नाही. एसटीतसुद्धा गुणगुणायची ती, तेही थांबलं. सगळी गाणी नव्या फाँटात पुन्हा टाइप करण्यात दोन महिने गेले, मग नवीन प्रती मागवल्या. त्या यायच्या आत, तुरी सोंगणीला आल्या असताना, माय गेली.

चांगलं छापलेलं पुस्तक आलं तेव्हा ते ठेवायला मी आलमारीवर जागा केली आणि पुण्याचं पाकीट खाली पडलं. या वेळी मी चष्मा लावून बसलो. पहिल्या पानावर 'मले'भोवतीच्या गोलापासून एक बारीक रेघ समासापर्यंत गेली होती. तिथं पेन्सिलीनं लिहिलं होतं: "असेच ठेवावे. बदलू नये." सगळ्या गोलांना तेच उत्तर होतं. कुणीतरी माणूस पानन्‌पान वाचत गेला होता. एका गाण्यापाशी त्यानं लिहिलं होतं, "फार सुंदर. आईंना कळवावे." मी कळवलं नव्हतं.

आणि पुढे एका पानावर हे गाणं होतं:

माह्या बाजूची पात, आज रिकामी राह्यली
निंदता निंदता बाई, म्या वाट तिची पाह्यली

समासात लिहिलं होतं, "ही बाई कोण? तिचे काय झाले? आईंना विचारावे."

आता मायच्या बरोबरीनं निंदणाला जाणारी एकही बाई गावात उरलेली नाही. यंदा वर्षावासात ते पुस्तक विहारात वाचलं गेलं, नीट वाचलं गेलं. या गाण्यावर अंगणवाडीची बाई थांबली आणि तिनंही मला तेच विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही. पुण्यातल्या एका अनोळखी माणसाला ते गाणं वाचून लगेच विचारावंसं वाटलं. मी ते मायच्या तोंडून ऐकत लहानाचा मोठा झालो, माझ्या हातानं उतरवून घेतलं, आणि मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही.