गोदामाची किल्ली कोणाकडे होती?

अन्याय झाला तो रेवदंड्याहून आलेल्या एका विधवा बाईंवर, १९६३ च्या सुक्कोथ या ज्यू सणानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहा वाजता. इस्राएलमधल्या हैफाजवळच्या एका गिरणीच्या गोदामातून सुताचे गठ्ठे गेले आणि कामगारांच्या सभेने तिथे काम करणाऱ्या या बाईंना चोर ठरवलं. नोकरी गेली, फिर्याद आमच्या ठाण्यात आली. मी तेव्हा नवा अधिकारी, त्यांच्याच, कोकणातून आलेल्या ज्यूंच्या बेने इस्राएल समाजातला. ती गिरणी अजून डोळ्यांपुढे तरंगते: उन्हाच्या तिरिपेत धुक्यासारखे कापसाचे तंतू आणि त्यातून पाण्याखाली चालावं तशी चालणारी माणसं.

खबर दिली गिरणीच्या खानावळीतल्या मामांनी. "मुकादमाला धर. सभेत बाईने विचारलं, किल्ली कोणाकडे होती? हा म्हणतो, ही घरी मलिदा करते, हिला ज्यू म्हणायचं का? झालं! चोरी राहिली बाजूला."

मलिदा म्हणजे एलियाहू नबीच्या नावाने आम्ही करतो ते गोड पोहे. त्याचा चोरीशी काय संबंध?

मुकादमाला जबाबासाठी बसवलं. तो हसला. "तूही त्यांच्यातलाच ना? तू काय न्याय करणार!"

आमच्या ज्यू असण्यावरच तेव्हा देशभर वाद पेटला होता. मीही पेटलो. तासभर त्याला आमचा शनिवारचा शब्बाथ, आमच्या प्रार्थना समजावत बसलो. खिडकीबाहेर समुद्र झोपेत कूस बदलावी तसा हलत होता आणि जबाबाचा कागद कोराच.

बाहेर बाकावर बाई बसल्या होत्या. "भाऊ, आपण कोण ते मला ठाऊक आहे. किल्लीचं विचारलंत का?"

लाज वाटली. आत जाऊन कागदावर एकच ओळ लिहिली आणि वाचली: किल्ली कोणाकडे होती? तो म्हणाला, तुमचे लोक आळशी. मी तीच ओळ वाचली. तो म्हणाला, मी तुझ्या आधी या देशात आलो. तीच ओळ.  पाचव्यांदा तो म्हणाला, "माझ्याकडे." माल त्याच्या मेहुण्याच्या शेडमध्ये मिळाला. पंचनामा झाला.

ही लबाडी ओळखायला पदवी लागत नाही. उत्तर टाळणारा माणूस तुमच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो. तुम्ही कळवळता आणि प्रश्न विसरता. मी पोलीस असून विसरलो.

बाईंना नोकरी परत मिळाली. पण सभेतला एकही माणूस त्यांच्याकडे गेला नाही. त्या अजून त्याच घरात राहतात. तुम्ही त्या सभेत होतात? मग उठा, त्यांच्या दारी जा आणि माफी मागा. आजच.