‘ताईंची उगवण’ नावाचा रकाना

मी स्वभावानंच संशयी. चहात साखर कमी पडली तरी कुणीतरी मुद्दाम केलं असं मला वाटतं. त्यामुळे जालना एमआयडीसीतल्या आमच्या बियाणं प्लांटात नवे मॅनेजर आले आणि आल्या आल्या डेटाबेसमधल्या एका कॉलमचं नाव बदला म्हणाले, तेव्हा माझे कान टवकारले.

बियाणं तपासणीचं ते टेबल मीच बनवलेलं. प्लांटात सगळे जे बोलायचे तीच नावं मी कॉलमांना दिली होती. बियाण्यातला ओलावा लॅबमधले जुने मामा बघायचे, म्हणून ‘मामांची ओल’. ओल्या कागदात दाणे गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवले ते मोजायचं, हे काम लॅबमधल्या ताईंचं, म्हणून ‘ताईंची उगवण’. मामा रिटायर झाले आणि त्यांचा कॉलम नुसता ‘ओलावा’ झाला. आता मॅनेजरांना ‘ताईंची उगवण’चं नुसतं ‘उगवण’ हवं होतं, म्हणजे ताईंना काढणार, असं मी ठरवूनच टाकलं.

ताई भोकरदनहून रोज बसनं यायच्या. घर त्यांच्याच पगारावर चालायचं. मॅनेजर म्हणाले, बिलकुल साधं काम आहे. साधं होतंच, आतले आकडे जिथल्या तिथे राहतात, वरचं नाव तेवढं बदलतं. पण रिपोर्ट जुनंच नाव शोधतात, ते बंद पडतील, ही सबब मला आयतीच सापडली. मी ती रोज पुढे करायचो. मॅनेजर लॅबच्या दारात थांबले तरी मला त्यात काळंबेरं दिसायचं. ताईंची नोकरी आपण वाचवतोय म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

शेवटी ताईच माझ्याकडे आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. सांगू लागल्या, बियाण्याचा लॉट नापास झाला की रिपोर्ट सगळीकडे जातो, वर नाव त्यांचं, आणि गोदामापासून विक्रीवाल्यांपर्यंत जो तो म्हणतो, ताईंनी पाडला.

“मीच सायबांना म्हनलं, माझं नाव काढा,” त्या म्हणाल्या. “बी काय मी पिकवते का, सर? अन् तुम्ही रोज आज न्हाई उद्या करून राह्यले. कुणाला वाचवायचंय तुम्हाला?”

फार लागलं मला ते. त्यांच्यासमोरच नाव बदललं, रिपोर्टातही दुरुस्त केलं, आणि झालं म्हणून सांगितलं. ताई जागच्या हलल्या नाहीत.

“रिपोर्ट काढून दाखवा,” त्या म्हणाल्या. “तुमच्या नुसत्या बोलण्यावर भरोसा न्हाई राह्यला माझा.”